वाकळीचं पोट

१७ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. कामरगावहून कारंजा, कारंजाहून मानोरा आणि तिथून जीप. जीपवाल्याने मला पुढे बसवलं आणि दर खड्ड्याला माझ्या गुडघ्यांची माफी मागितली, त्यामुळे तो मला आवडला. कुठं उतरायचं हे मी सांगायच्या आधीच त्याने विचारलं, दुखणाईतांच्या घरी का? फाटकावर ‘विसावा’ असं नाव रंगवलं आहे, पण गावाने ठेवलेलं नाव जास्त चांगलं. निदान त्यात लपवाछपवी नाही.

ही बंजारा तांड्याजवळची बंद पडलेली शाळा. दोन मोठ्या खोल्या, लांब ओसरी, मागे चूल. उतारावर पळस अजून लाल आहे. चालवते ती निता, तांड्यातलीच, तिशीची, वाशीमला शिकलेली. लहानपणापासून तिला सिकलसेल आहे, रक्ताचं दुखणं. कळ आली की हाडं पिळून निघायची म्हणे. आता बऱ्याच दिवसांत एकही कळ आलेली नाही, असं सांगताना ती हसते आणि गालावर खळी पडते.

तिची कल्पना साधी आहे. काही दुखणी बरी होत नाहीत. डॉक्टर त्यांना कंटाळतात, घरचे कंटाळतात आणि दुखणाईत माणूस तर सगळ्यांच्या आधी कंटाळतो. अशा बायकांना कारण न सांगता पडून राहता यावं. हात चाललेच तर शिवावं, रंगवावं, गाणी म्हणावी. नाही चालले तर कुणी टोमणा मारू नये. घराचा नियम एकच: इथं कुणी कुणाला ‘कशी आहेस’ विचारायचं नाही.

हे ऐकून मला रडूच आलं. मला रक्तातला संधिवात आहे आणि गेली कित्येक वर्षं मी या प्रश्नाला तोंड देते आहे. विचारणाऱ्याला उत्तर एकच हवं असतं: बरी आहे. दुसरं काही सांगितलं की लगेच मेथ्या भिजवून खा, मनातून काढून टाक, माझ्या मावशीला पण होतं. मी चित्रकलेची शिक्षिका, म्हणजे होते. फळ्यावर रेघ सरळ येईना तेव्हा मुख्याध्यापकांनी मला पुस्तकांच्या खोलीत बसवलं आणि वर सांगितलं की आराम समजा. सासूबाई म्हणायच्या, दिसतं तर काहीच नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसरं काय.

ही वही वैभवीने दिली. माझी लेक, यंदा आठवीत. रोज लिहायचं, कुरकुर कमी आणि शेवटी एक चित्र, अशी तिची अट. चित्र आज नाही. उजवा अंगठा ऐकत नाही.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी कुणी उठवत नाही. बोटं उघडेपर्यंत मी अंथरुणात बसून राहिले आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. माझ्या घरी एवढ्या वेळात दोनदा चहा झाला का म्हणून विचारणा झाली असती.

इथं सध्या आम्ही सात-आठ जणी. माझं सूत जुळलं ते पंचफुलाशी. ती अनसिंगची, घरची शेती, गुडघे आणि कंबर गेलेली. जिभेला हाड नाही. मला म्हणाली, ‘तू पोथी वाचल्यासारखं कायले बोलतं व? इथं कोनी परीक्षक नाई बसला.’ खोलीच्या कोपऱ्यात धनीबाई असतात, तांड्यातल्या सगळ्यात जुन्या. निता त्यांना याडी म्हणते, म्हणजे आई. त्या बोलत नाहीत. भिंतीला टेकून शांत बसलेल्या असतात.

दुपारची पड हा इथला मोठा कार्यक्रम. आतल्या खोलीभर एकच वाकळ अंथरलेली आहे. एवढी मोठी गोधडी मी जन्मात पाहिली नाही. डोकी भिंतींकडे, पाय मध्ये, अशा आम्ही सगळ्या तिच्याखाली शिरतो. मार्चच्या उन्हात वाकळ पांघरायची म्हणून मला हसू आलं. पण आत गेल्यावर उकडलं नाही. थंडही वाटलं नाही.

प्रत्येक नव्या बाईचा एक तुकडा तिच्यात जोडतात, वाईट दिवसांत अंगावर असलेल्या कापडाचा. मी माझ्या पिवळ्या साडीचा काठ दिला. ती नेसले होते त्या दिवशी वर्गात माझ्या हातून खडू तीनदा पडला आणि पोरं हसली. साडी मी परत नेसले नव्हते, टाकलीही नव्हती. पंचफुलाने कड उसवली, तुकडा बसवला, परत शिवून टाकला. तो माझ्या जागेपाशीच आहे, उशाला.

एक गंमत सांगायची राहिली. या बायका झोपेतही टाके घालतात. डोळे मिटलेले, घोरणं चालू आणि हात मात्र कडेवर चाललेले. पंचफुलाला विचारलं तर म्हणाली, हातांची सवय, त्यांना डोळे लागत नाहीत. मला त्याचं फार कौतुक वाटलं. मी पेन्सिल घेऊन तिचे हात काढायचा प्रयत्न केला. त्यासाठी उजवा हात वाकळीबाहेर ठेवून पडले. चित्र वाकडं आलं, पण आलं.

२० मार्च, गुरुवार

सकाळी डाव्या हाताची मूठ आपोआप उघडली.

मी ती मिटली, परत उघडली, परत मिटली. मनगटात काही नाही. गुडघ्यांत काही नाही. ओसरीवरून चुलीपर्यंत चालत गेले आणि मग भिंतीला धरायचं विसरले हे लक्षात आलं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. माझं हत्तीवर बसूनच गेलेलं दिसतंय.

नव्याचे नऊ दिवस असतील. पण माझ्या मते हे पडून राहण्याचं फळ आहे. कुणी मागे लागलेलं नाही, कुणाला काही पटवून द्यायचं नाही. उजवा हात तेवढा अजून जुन्या वळणावर आहे, अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. असू दे.

२३ मार्च, रविवार

आज अंगठ्याची कळ सोसून पळस काढला. खराखुरा, फांदीला जोर असलेला. वैभवीला फोटो पाठवला, तिने नुसती रडणारी तोंडं पाठवली.

दुपारी पंचफुलाने वाकळीची गोष्ट सांगितली आणि पोट दुखेपर्यंत हसलो. हे घर सुरू झालं त्या पहिल्या हिवाळ्यात बायका ही वाकळ शिवत होत्या तेव्हाची. धनीबाईंच्या माहेरची रीत अशी, की वाकळीची शेवटची बाजू बंद करताना आत मूठभर ज्वारी टाकायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. ठेवलं तर ती पांघरणाऱ्याचं खाते. धनीबाई तेव्हा बोलायच्या. त्यांनी ज्वारी मागितली. बायका रंगात आलेल्या. पंचफुला म्हणाली, ‘आमी कोन्त्या ज्वारीवर जगून राह्यलो बाप्पा? आमी त गोळ्यांवर जगून राह्यलो.’ झालं. प्रत्येकीने आपापल्या पिशवीतल्या गोळ्या काढल्या. लाल, पांढऱ्या, अर्ध्या मोडलेल्या, कुणाच्या साखरेच्या, कुणाच्या झोपेच्या. त्या सगळ्या वाकळीच्या पोटात टाकल्या आणि शिवून टाकलं. धनीबाई नको नको म्हणत होत्या. तिला जे पहिल्यांदा चाराल तेच ती आयुष्यभर मागेल, म्हणत होत्या. कोण ऐकतंय.

मी असते तर मीही टाकल्या असत्या. निरोगी बायकांना हा विनोद सुचलाच नसता. ज्यांच्या ताटात भाजीच्या आधी गोळी येते त्यांनाच सुचणार.

धनीबाई सगळ्यात आधी तिच्याखाली झोपल्या. त्यांचा लकवा, हातापायांचं दुखणं, सगळं गेलं म्हणे. बोलणं कधी गेलं ते कुणाच्या लक्षात नाही.

२७ मार्च, गुरुवार

घरी फोन केला. जगदेवला, म्हणजे वैभवीच्या बाबांना, आवाजावरून मी ओळखू येईना. आनंदाने नव्हे, संशयाने म्हणाले की आज काहीच दुखत नाही का. मग हळूच सांगितलं. वैभवीची बोटं सकाळी आखडतात. महिन्याभरापासून. बाटलीचं झाकण उघडत नाही म्हणून ती आजीकडून उघडून घेते, आणि मला सांगू नका अशी तिची ताकीद.

फोन ठेवून मी ओसरीत बसले. पोरीने माझं नाक घ्यावं, हट्टीपणा घ्यावा. हे कशाला घेतलं? मला हे पुढचं सगळं ठाऊक आहे. दिसतं तर काहीच नाही, हे वाक्य तिला कितीदा ऐकावं लागणार तेही ठाऊक आहे.

मग निताशी बोलले. ती म्हणाली की पोरगी आली तर आनंदच, वयाचं बंधन नाही. मी लगेच परत फोन लावला. शेवटचा पेपर झाला की रविवारी, तेरा तारखेला, तिला घेऊन या. आणि तिचा निळा फ्रॉक आणा, मागच्या वर्षी तापात अंगावर होता तो. त्याचा तुकडा लागेल.

किती दिवसांनी मी तिच्यासाठी काहीतरी करू शकले. आज झोप छान लागेल.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी निताने अंगणात गुढी उभारली. आम्ही कडुनिंबाचा पाला खाल्ला. मी वाटीभर खाल्ला आणि कुणीतरी माझ्याकडे पाहावं म्हणून वाट पाहिली, कारण तो कडू लागला नाही. गूळही खाल्ला. तोही काही लागला नाही.

पंचफुलाच्या वरणात मीठ एवढं असतं, मिरची एवढी असते, हे मी आल्यावर बोलले होते. गेल्या आठवड्यात बोलले नाही. आज ध्यानात आलं की वरण तेच आहे.

चुलीपाशी निता तवा उतरवत होती. फडकं न घेता. पहिल्या दिवशीही मी हे पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय चिवट बायका आहेत. आज तिचे तळवे पाहिले. जुने डाग, त्यावर नवे.

आणि धनीबाईंच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली होती. ती बुबुळावरून चालत पलीकडे गेली. पापणी हलली नाही. मी माशी हाकलली. धनीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, बरी हाये. मला वाटलं होतं त्यांना बोलता येत नाही.

सणावाराला असले विचार नकोत. उन्हाने तोंडाची चव गेली असेल.

२ एप्रिल, बुधवार

आज दुपारी लवकर जाग आली. उजवा हात नेहमीसारखा बाहेर, चित्राच्या कागदावर. डावा हात शिवत होता.

माझा डावा हात. मला शिवता येत नाही, मी बटणसुद्धा लावत नाही. तो वाकळीच्या कडेवर बारीक, एकसारखे टाके घालत होता आणि मला काहीच कळत नव्हतं. सुई तळव्यातून आरपार गेलेली. कापडासोबत तळव्याची कातडीही दोऱ्यात शिवली गेली होती. मी उजव्या हाताने दोरा तोडला. रक्त थोडंच आलं. दुखलं नाही.

निताला दाखवलं. तिने हळद लावली, खळी पाडून हसली, म्हणाली, दुखलं तर नाही ना? मग झालं तर. दुखणं कोणाच्या कामाचं असतं ताई.

मी तिला सांगायला तोंड उघडलं की मला घरी जायचं आहे. तोंडातून आलं, बरी आहे मी.

५ एप्रिल, शनिवार

तीन दिवस पाहते आहे. माझ्या तोंडातून दुसरं वाक्य निघत नाही. पाणी मागता येतं, मीठ मागता येतं. दुखण्याबद्दल, भीतीबद्दल, घरी जाण्याबद्दल बोलायला गेले की जीभ वळते आणि म्हणते, बरी आहे. आयुष्यभर ज्यांनी हे उत्तर मागितलं त्या सगळ्यांना आता ते मिळेल.

पंचफुलाला ओसरीच्या टोकाला नेलं. वहीत लिहून विचारलं, तुझं दुखतं का काही. तिने वाचलं. तिचे डोळे भरून आले, पाणी गालावरून गळ्यापर्यंत गेलं. तोंड हसत होतं. म्हणाली, ‘मी मस्त हाय व माय, मले काई होत नाई.’ मग तिचा हात उठला आणि त्याने तिचेच डोळे पुसले. घाईघाईने पुसले.

तिचा पोरगा मागे एकदा आला होता म्हणे तिला न्यायला. माय मजेत आहे हे पाहून परत गेला. नंतर आला नाही. इथल्या कुणाच्याच घरचे येत नाहीत. का येतील? कुरकुरणारी बाई कुरकुरायची थांबली, आणखी काय हवं असतं घराला?

वाकळ दुखणं खाते. गोळ्यांच्या वासाने तिला दुखण्याची चटक लागली. आणि दुखणं काही माणसापासून वेगळं सोलून निघत नाही, बोराच्या बीसारखं. त्याच्याबरोबर ऊन-थंड कळणं जातं, चव जाते, मग हात, मग जीभ. उरतं ते तिच्या कामाला लागतं. ती वाढते. तिला नवे तुकडे लागतात.

तेरा तारखेला वैभवी येणार आहे. मीच बोलावलं आहे.

८ एप्रिल, मंगळवार

काल डब्यातली मूठभर ज्वारी घेतली, कड उसवून आत टाकली. वाटलं, चूक झाली ती निस्तरता येईल. आज सकाळी सगळी ज्वारी वाकळीबाहेर पडलेली. दाणा न दाणा अख्खा. तिला नको आहे.

मग कात्री. उजव्या हाताने. पिवळ्या काठाचे टाके एकेक कापले. अंगठ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार — आणि चौथ्या-पाचव्या टाक्याला डावं मनगट दुखलं. माझं मनगट. जुनी, ओळखीची, सुरी फिरवल्यासारखी कळ. मी तिला किती शिव्या दिल्या आहेत. आज ती आली तेव्हा मी मोठ्याने हसले. तळव्यातली सुईची जखम ठणकायला लागली. किती छान ठणकत होती.

पण दुपारची वेळ. बाकीच्या निजलेल्या. पंचफुलाचे हात लांब आले. डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि हात माझ्या तुकड्यावर. मी कापते, ती शिवते. तिच्या पलीकडचीचे हात आले. मग निताचे. मला एकच हात आहे, आणि तो दुखतो.

मनगट गेलं परत.

१० एप्रिल, गुरुवार

निघाले होते. भर दुपारी, सगळ्या निजल्यावर. जीपच्या थांब्यापर्यंत डांबरी रस्त्याने गेले. तोच जीपवाला. त्याने विचारलं, कुठं जायचं ताई. मी म्हणाले, बरी आहे मी. लिहून दाखवायला वही आणली नव्हती. त्याने परत विचारलं. बरी आहे मी. मग तो माझ्या पायांकडे बघायला लागला. त्याचं तोंड उतरलं. म्हणाला, ‘ताई, चप्पल काहून नाई घातली?’

मी पाहिलं. अनवाणी आले होते. तळव्यांची कातडी फोडांनी सुटलेली, रस्त्यावर ओले ठसे.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं लिहिलं होतं मी पहिल्या दिवशी. माझं जळलं, आणि मला त्याने सांगितल्यावर कळलं.

पाय परत वळले. मी नाही वळवले. आता पडायची वेळ झाली की ते आपणच आत जातात आणि मला निजवतात.

उजवा हात बाहेर ठेवते. पेन्सिल घट्ट. अंगठ्यात कळ आहे अजून. तीच एक माझी.

११ एप्रिल, शुक्रवार

उजव्या हाताने मेसेज केला. वैभवीला आणू नका. इथं काहीतरी वाईट आहे. मला येऊन घेऊन जा.

लगेच फोन. डाव्या हाताने उचलला. वैभवीचे बाबा चिडलेले. हे काय नवीन. मी तोंड दाबून धरलं उजव्या हाताने, तरी बोटांमधून आवाज — बरी आहे मी. आणा तिला. फ्रॉक विसरू नका.

ते हसले. सुटल्यासारखे. म्हणाले, ‘बोलतं त मस्त, अन् लिहितं भलतंच. तुले सवय लागली दुखन्याची. पोरगी बरी झालेली तुले पाहावत नाई काय?’

इतकी वर्षं दुखतं म्हणून सांगितलं, खोटं वाटलं त्यांना. आज बरी आहे म्हटलं — लगेच खरं.

१२ एप्रिल, शनिवार

झोप लागली. नको होती.

उठले तर उजवा हात वाकळीखाली. डाव्याने ओढून आत घेतलेला. पेन्सिल बाजूला नीट ठेवलेली —

बाहेर काढला. अंगठा भिंतीवर आपटला. पुन्हा आपटला. थोडी कळ आहे. बुडाशी. थोडी.

तिचा पेपर आज संपला. उद्या —

देवा, एवढी एक कळ राहू दे. उद्यापुरती.

१३ एप्रिल, रविवार

जीपचा आवाज.

ओसरीतून दिसते आहे. उतरली. केसांना तेल, दोन वेण्या. हातात पिशवी. पिशवीतून निळं —

हाक मारली. ये, बरी आहे मी — एवढंच निघालं. ती पळत —

मांडीवर वही आहे. तिनेच दिलेली, ती वाचेल. मोठं लिहिते. तिच्यापुढे धरायचं फक्त.

वैभवी, आत येऊ नकोस. फ्रॉक देऊ नकोस. बाबांना घेऊन परत जा.

लिहिलं. जमलं. किती सुरेख अक्षर — एक रेघ हललेली नाही — आजारपणाच्या आधी यायचं तसं —

अंगठा

अंगठा दुखत नाही

वही उचलायची आहे. तिच्याकडे करायची — उचलत नाही — निताने तिच्या हातून फ्रॉक घेतला, माझ्या मांडीवर — सुई — माझा हात पेन्सिल खाली ठे